प्रतिसाद : स्कँडिनेव्हियन मुलींची अपरिचित नावे

मुलीसाठी फारसे परिचित नसलेले स्कँडिनेव्हियन नाव सुचवा, या प्रश्नावर आस्त्रिद, इंग्रिद आणि फ्रेया ही नावे आधीच सुचवली गेली आहेत. ती सुंदर असली तरी अपरिचित म्हणता येणार नाहीत. मला सोल्वेग हे नाव अधिक आवडते. नॉर्वेत त्यातील शेवटचा 'ग' उच्चारला जात नाही, आणि 'सोल' म्हणजे सूर्य असल्यामुळे अनेक जण ते सूर्याशी जोडतात. मात्र त्याची व्युत्पत्ती सहसा 'घर' आणि 'बळ' या अर्थांच्या जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातील प्राचीन भाषा) शब्दांपासून सांगितली जाते. सिग्रिद, म्हणजे 'विजय' आणि 'सुंदर', हेही उत्तम. फक्त त्याचे लघुरूप सिरी आहे आणि ते आता आयफोनमधील बोलत्या सहायकाच्या नावावर जमा झाले आहे! इल्वा म्हणजे लांडगीण, तर एम्ब्ला ही नॉर्स पुराणकथेतील पहिली स्त्री. एड्डा हेही एक नाव; या शब्दाचा एक जुना अर्थ चक्क 'पणजी' असा आहे.

आइसलँडमध्ये मात्र केवळ आवड पुरेशी नसते. तेथे अधिकृत यादीत नसलेल्या नावाला नामसमितीची मान्यता लागते आणि ते नाव आइसलँडिक विभक्तिप्रत्यय स्वीकारणारे असावे लागते. 'मंद झुळूक' या अर्थाचे ब्लायर हे नाव व्याकरणाने पुल्लिंगी असल्याच्या कारणावरून एका मुलीला नाकारले गेले होते. 2013 मध्ये न्यायालयाने ते तिला वापरू दिले. 2019 च्या कायद्याने नावांवरील लिंगाचे बंधनच काढून टाकले. ज्यांना अर्थ आणि उच्चार दोन्ही हळुवार हवेत, त्यांनी ब्लायरचा विचार अवश्य करावा.