तालमीतले फोटो : लेन्स घ्यावी की कॅमेऱ्याची बॉडी बदलावी?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

कॅनन १५००डी कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ एमएम लेन्स चार वर्षं वापरतोय. रंकाळ्यावरचा सूर्यास्त, पंचगंगेचा घाट यांना तेवढं पुरतं. पण गेल्या वर्षापासून पहाटे तालमीत जातोय आणि तिथं गाडी अडते. आत दोन ट्यूबलाइट आणि एक झरोका. पैलवान डाव टाकतो तेव्हा अंगावरची तांबडी माती उडते, तो क्षण मला हवाय. त्यासाठी शटर १/५०० सेकंद ठेवावं लागतं, ५५ एमएमला अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ ५.६ च्या पुढं उघडत नाही, मग आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० वर जातो आणि माती कुठली, फोटोत येणारे दाणे कुठले, कळत नाही. फ्लॅश मारणार नाही, पोरांचं लक्ष विचलित होतं.

५० एमएम एफ १.८ घेतली तर जवळपास दहापट उजेड मिळेल. पण या बॉडीच्या लहान सेन्सरवर ती ८० एमएमसारखी वागते, म्हणजे फ्रेम अरुंद होते; हौद्याच्या (कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या) कडेवरून दोघं पैलवान फ्रेममध्ये बसतील का? की थांबून जुनी फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी बघू? बजेट तीस हजार, ओढूनताणून पस्तीस.

दुसरं, एडिटिंग. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढतो, डार्कटेबल या सॉफ्टवेअरवर शिकतोय. ट्यूबमुळं लागोपाठच्या फोटोंतही रंग बदलतो. व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंगांचा तोल) सुधारला की माती विटकरी न राहता गुलाबी दिसते, आणि ती तशी नसतेच हो! मातीचा रंग सांभाळून कातडीचा रंग कसा आणायचा?

तालमीत किंवा खासबागेच्या कुस्ती मैदानात फोटो काढलेल्यांनी सेटिंगसकट सांगितलं तर फार बरं होईल.