मदत हवी आहे : तेवीस महिन्यांच्या मुलाला घेऊन एकटीने सिॲटल ते मिरज

नमस्कार.

येत्या २० नोव्हेंबरच्या सुमारास मी माझ्या मुलाला घेऊन सिॲटलहून मिरजेला जाण्याचे ठरवत आहे. सिॲटल ते दुबई साधारण चौदा तास, दुबईत चार तासांचा थांबा, दुबई ते मुंबई तीन तास आणि तिथून पुढे मिरज, असा हा प्रवास आहे. तिकीट इकॉनॉमी वर्गाचे आहे आणि मी एकटी आहे, कारण नवऱ्याची नोकरी नवी असल्यामुळे त्याला मार्चपूर्वी रजा मिळणार नाही. निघताना मुलगा तेवीस महिन्यांचा असेल. त्याचे वजन साडेबारा किलो आणि उंची ८६ सेंटिमीटर आहे. या वयाच्या मुलाला घेऊन ज्यांनी एकट्याने इतका लांबचा प्रवास केला आहे, त्यांचा अनुभव मला हवा आहे.

मार्चपर्यंत थांबून दोघे मिळून का जात नाही, असे कोणीही विचारेल, म्हणून कारण आधीच सांगते. माझी आजी, म्हणजे आईची आई, एक्क्याण्णव वर्षांची आहे. जानेवारीत ती न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून ती अंथरुणाला खिळून आहे. आई-बाबा दोघेही नोकरी करत असल्यामुळे मी मिरजेच्या ब्राह्मणपुरीतल्या तिच्या घरीच वाढले. व्हिडिओ कॉलवर आता तिला नीट दिसत नाही. फोन अगदी डोळ्यांजवळ नेऊन ती विचारते, “हात केवढा झाला गं त्याचा?” मागच्या महिन्यात मी मुलाचा पंजा कागदावर ठेवला, पेन्सिलीने त्याची कड काढली आणि तो कागद पोस्टाने पाठवला. आजी तो उशीखाली ठेवते आणि दुपारी बाहेर काढून त्यावर आपला हात ठेवून बघते, असे आईने सांगितले. मार्चची वाट पाहण्याचे धैर्य मला होत नाही.

पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न आसनाचा आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर बसवून नेता येते आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचे भाडे बहुतेक कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास आकारतात. माझी अडचण अशी, की मुलाला दोन वर्षे पूर्ण होतात ती डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे आम्ही मिरजेत असताना, आणि परतीचा प्रवास जानेवारीत आहे. त्यामुळे जाताना तो नियमाप्रमाणे मांडीवरचे बाळ ठरतो, तर येताना त्याच्यासाठी स्वतंत्र आसन घ्यावेच लागते. असे तिकीट मला संकेतस्थळावरून काढता आले नाही. शेवटी फोन करावा लागला. जातानाही आसन घेतल्यास सुमारे ४१० डॉलर अधिक पडतील, असे तिथल्या बाईंनी हिशोब करून सांगितले. सध्या आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

पुढे भिंत असलेल्या रांगेत जो पाळणा लावून देतात, त्याचा मला उपयोग नाही. त्याची वजनमर्यादा बहुतेक ठिकाणी दहा-अकरा किलोंची असते आणि माझा मुलगा ती केव्हाच ओलांडून गेला आहे. शिवाय त्या रांगेत जेवणाचे टेबल आसनाच्या हातामध्येच बसवलेले असल्यामुळे तो हात वर उचलता येत नाही, म्हणजे मुलाला आडवे करायलाही जागा होत नाही. एप्रिलमध्ये बहिणीकडे न्यू जर्सीला जाताना साडेपाच तास मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते. तो झोपला, परंतु त्याचे डोके माझ्या डाव्या कोपरात आणि पाय शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर अशी स्थिती होती. ते गृहस्थ भले होते. त्यांनी आपली घडी केलेली शाल त्याच्या पायांखाली दिली. उतरल्यावर मात्र माझ्या डाव्या हाताची बोटे बराच वेळ मिटत नव्हती. साडेपाच तासांनी हे झाले, तर चौदा तासांनी काय होईल, याचा मी रोज विचार करते.

याला जोडूनच कार सीटचा, म्हणजे मोटारीत लहान मुलाला पट्ट्यांनी बांधून बसवायच्या आसनाचा, प्रश्न येतो. मोटारीत आणि विमानात वापरण्यास प्रमाणित असल्याचे लाल अक्षरांतले लेबल आमच्या कार सीटवर आहे, आणि सोळा इंचांपेक्षा कमी रुंदीची सीट बहुतेक विमानांच्या आसनात बसते, असे एफएए या अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामक संस्थेचे सांगणे आहे. आमची सीट रुंदीत बसते, परंतु वजनाने जड आहे. पाठीवर पिशवी, एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात ही सीट घेऊन दुबईत एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत मी जाऊ शकेन का, हे मला कळत नाही. दुसरा पर्याय ‘केअर्स’ नावाच्या पट्ट्याचा आहे. तो आसनाच्या पाठीभोवती बांधून मुलाच्या खांद्यांवरून घेतात, दहा ते वीस किलो वजनाच्या मुलांना चालतो आणि हातपिशवीत मावतो. मात्र त्यात मूल ताठ बसते. झोपेत ते पुढे कलंडते का, हे वापरलेल्यांनी सांगावे. मिरजेपर्यंतच्या गाडीतही कार सीट लागेल, हा विचार मनात आहेच.

दुसरा प्रश्न कानांचा. एप्रिलच्या त्या प्रवासात मुलाला सर्दी होती. विमान खाली येऊ लागल्यापासून चाके टेकेपर्यंत तो दोन्ही कान धरून रडत होता, आणि मी दुधाची बाटली पुढे केली तरी तोंड फिरवत होता. चढताना त्याला काहीच झाले नव्हते. आता तो बाटली पूर्ण सोडून पेल्याने दूध पितो, त्यामुळे उतरताना त्याला काय द्यावे, हे मला सुचत नाही.

एका परिचित बाईंनी निघण्यापूर्वी ॲलर्जीचे सरबत पाजण्याचा सल्ला दिला, म्हणजे मूल झोपून जाईल. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी त्याला स्पष्ट नकार दिला. या वयात ते औषध झोपेसाठी देऊ नये आणि काही मुले त्याने झोपण्याऐवजी अधिकच चेकाळतात, असे त्या म्हणाल्या. मी ते देणार नाही. तेव्हा कृपया कोणी तसे सुचवू नये. त्यांनी गोवराच्या लसीचा दुसरा डोस प्रवासापूर्वीच देऊन टाकला आहे. टायफॉइडची इकडची लस दोन वर्षांनंतरच देतात, म्हणून पाण्याच्या बाबतीत काटेकोर राहायला सांगितले आहे.

खाण्याची मला फारशी काळजी नाही. गुळाच्या दशम्या, नाचणीचे सत्त्व, मेतकूट आणि कुरमुरे एवढ्यावर तो दोन दिवस आनंदाने राहील. मुलांसाठीचे दूध १०० मिलिलिटरच्या मर्यादेपेक्षा अधिक नेता येते, फक्त तपासणीच्या वेळी ते वेगळे काढून दाखवावे लागते. कागदपत्रेही तयार आहेत : त्याचा अमेरिकी पासपोर्ट, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड, जन्मदाखला आणि नवऱ्याचे नोटरी केलेले संमतिपत्र.

विचारायला संकोच वाटतो, परंतु ही अडचण खरी आहे : एकटीने प्रवास करताना प्रसाधनगृहात कसे जायचे? मूल झोपलेले असेल तर त्याला आसनावर सोडून जायचे का? आणि शेवटचा प्रश्न मुंबईपासून पुढचा. विमान पहाटे उतरते. भाऊ गाडी घेऊन येणार आहे, पण रस्त्याने मिरजेला सात-आठ तास सहज लागतात. की दिवसभर मामांकडे दादरला विश्रांती घेऊन रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने जावे? सिॲटल आणि भारत यांच्यात हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक असतो, म्हणजे त्याची रात्र आणि तिथला दिवस जवळजवळ पूर्ण उलटे. आजीच्या घरात सगळे वयस्कर आहेत आणि रात्री दोन वाजता हा खेळायला उठला तर त्यांची झोप मोडेल, याचेही मला दडपण आहे.

प्रतिसाद १

ताई, आसन घ्या. मी ह्यूस्टनहून पुण्याला मुलीला घेऊन एकटी गेले, तेव्हा ती बावीस महिन्यांची होती. मी पैसे वाचवण्यासाठी तिला मांडीवर घेतले आणि शेजारचे आसन रिकामे राहील अशी आशा धरली. विमान पूर्ण भरलेले होते. जेवणाचा ट्रे समोर आला की तिला कुठे ठेवायचे, हेच कळत नसे. मी दोन्ही वेळा न जेवता ट्रे परत दिला. परतताना तिच्यासाठी आसन होते आणि कार सीट होती, आणि ती सलग सहा तास झोपली, कारण गाडीत त्याच सीटमध्ये झोपण्याची तिला सवय होती.

काही गोष्टी मात्र आधी करून ठेवा. कार सीट बहुधा खिडकीलाच लावू देतात, तेव्हा खिडकी आणि मधले अशी दोन आसने घ्या. कंपनीला फोन करून सीटचे नाव आणि मापे तिकिटावर नोंदवून घ्या. अमेरिकेबाहेरच्या कंपन्यांचे नियम वेगळे असतात आणि ‘केअर्स’चा पट्टा सगळ्याच चालवून घेत नाहीत, तेव्हा त्याविषयीही विचारूनच घ्या. जड सीट हातात धरून नेऊ नका. चाकांच्या लहान बॅगेला ती पट्ट्याने बांधता येते. सीटमध्ये बसल्यावर मुलाचे पाय बरोबर पुढच्या आसनाच्या पाठीला लागतात. त्याचे बूट काढून ठेवा आणि पुढे बसणाऱ्यांशी निघण्यापूर्वीच दोन शब्द बोलून घ्या.

प्रतिसाद २

मी पुण्यात बालरोगतज्ज्ञ आहे. सरबताबाबत तुमच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला योग्य आहे.

उतरताना केबिनमधील हवेचा दाब वाढत जातो आणि कानाच्या पडद्यामागे तो त्याच वेगाने वाढत नाही, म्हणून पडदा आत ओढला जाऊन दुखतो. कान आणि घसा यांना जोडणारी नळी गिळताना उघडते. लहान मुलांत ती अरुंद असते आणि सर्दीमुळे सुजली तर उघडतच नाही. त्यामुळे बाटलीच हवी असे नाही, घोट घोट गिळणे महत्त्वाचे आहे. स्ट्रॉच्या पेल्यातून पाणी द्या, किंवा दशमीचे लहान तुकडे एकेक करून द्या. विमान जमिनीला टेकण्याच्या अर्धा तास आधीपासून सुरुवात करा. झोपेत गिळण्याचे प्रमाण कमी होते, म्हणून तो झोपलेला असला तरी त्या वेळी त्याला उठवा. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सर्दी किंवा ताप असेल, तर कान तपासून घेतल्याशिवाय निघू नका.

घड्याळाच्या फरकाला औषध नाही. सकाळचे ऊन अंगावर घेऊ द्या आणि दुपारची झोप दीड तासापुढे जाऊ देऊ नका. आठवडाभराने बहुतेक मुले रुळतात.

प्रतिसाद ३

प्रसाधनगृहाविषयी : झोपलेल्या मुलाला एकटे सोडू नका. विमान स्थिर उडत असताना विमानसेविकेला बोलावून दोन मिनिटे शेजारी थांबायला सांगा. मी तीन वेळा विचारले, तिन्ही वेळा त्या थांबल्या. मूल जागे असेल तर छातीशी बांधायच्या झोळीत घेऊन जा. झोळी उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी काढावी लागते, बाकी वेळ चालते. कमोडच्या वर घडी उघडून खाली येणारी फळी असते, तिच्यावर लंगोट बदलता येतो, पण साडेबारा किलोंचे मूल तिच्यावर जेमतेम मावेल. ओढून घालायचे लंगोट न्या आणि उभ्यानेच बदला.

मिरजेला महालक्ष्मीनेच जा. सात-आठ तास मोटारीत बांधून ठेवण्यापेक्षा ते बरे. पाच वर्षांखालील मुलाला, वेगळा बर्थ नको असेल तर, रेल्वेचे तिकीट लागत नाही. तरीही त्याच्या नावाने बर्थ घ्या, म्हणजे समोरासमोरचे दोन्ही खालचे बर्थ मागता येतील.

धागाकर्ती

आपण तिघांनी इतका वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल रात्री नवऱ्याशी बोलून जातानाचेही आसन घेतले. खिडकी आणि मधले अशी दोन आसने मिळाली, आणि कार सीटची मापे फोनवरून तिकिटावर नोंदवून घेतली. न जेवता ट्रे परत दिल्याचे वाचल्यावर ४१० डॉलरचा विचार मागे पडला. जड सीट घरीच ठेवून एका मैत्रिणीची हलकी सीट नेणार आहे; तिच्यावरचे लेबल तपासून घेतले. त्या सीटमध्ये झोपायची सवय व्हावी, म्हणून ती आजपासूनच आमच्या गाडीत लावली आहे.

डॉक्टरसाहेब, स्ट्रॉच्या पेल्याचा सराव सुरू केला आहे. पहिल्या दिवशी त्याने सगळे पाणी अंगावर सांडले, आज मात्र निम्मा पेला प्यायला.

महालक्ष्मीचेही निश्चित केले. भाऊ आता गाडी न घेता मुंबईला येईल आणि आमच्यासोबत रेल्वेने परतेल. एवढेच विचारायचे राहिले : त्या गाडीतून लहान मुलाला घेऊन अलीकडे कोणी गेले आहे का? वातानुकूलित तीन टियरच्या डब्यात रात्री गारठा फार असतो का आणि अंथरूण-पांघरूण दिले जाते ते मुलाला पुरते का, हे कळले तर घरून एक गोधडी घ्यायची की नाही ते ठरवता येईल.