मदत हवी आहे : घरच्या प्रिंटरसाठी मूळ कंपनीची शाई घ्यावी, कम्पॅटिबल (त्याच प्रिंटरसाठी दुसऱ्या कंपनीने बनवलेली) घ्यावी की रिफिल करावे?

नमस्कार. आमच्याकडे साधा इंकजेट प्रिंटर आहे. त्यात एक काळे आणि एक तिरंगी अशी दोन कार्ट्रिजे बसतात. महिन्याला फार तर पंचवीस-तीस पाने छापली जातात आणि त्यांत बहुतेक अर्ज, पावत्या व मुलीच्या शाळेचे तक्ते असतात. छायाचित्रे आम्ही छापत नाही. मागच्या वेळी नवे काळे कार्ट्रिज बसवले, तेव्हा हिशेब ठेवायचा म्हणून प्रिंटरच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवली आणि प्रत्येक पानामागे पेन्सिलीची एक रेघ मारत गेलो. खोक्यावर 180 पानांचा आकडा होता. माझ्या रेघा 104 वर थांबल्या. छपाई वाढलेली नसताना उरलेली शाई गेली कुठे, हे मला उमगलेले नाही.

तिरंगीची तऱ्हा आणखी वेगळी. नोझल चेकचे, म्हणजे शाईची बारीक छिद्रे तपासण्याचे, पान काढले तर निळ्या आणि मॅजेंटाच्या रेघा ठसठशीत उमटतात, पण पिवळ्याच्या जागी कोरा कागद दिसतो. तीनदा हेड क्लीनिंग (कागदावर शाई उडवणाऱ्या भागाची, म्हणजे हेडची, सफाई) करूनही पिवळा आला नाही, मात्र शाईची पातळी दाखवणारी पट्टी प्रत्येक वेळी थोडी खाली सरकली.

दोन्ही कार्ट्रिजे मूळ कंपनीची घ्यायची तर खर्च प्रिंटरच्या किमतीच्या आसपास जातो. कम्पॅटिबल कार्ट्रिज बरेच स्वस्त आहे आणि बाटलीतली शाई सिरिंजने भरणे त्याहूनही स्वस्त. परंतु बाहेरच्या शाईने हेड कायमचे बिघडते असे काही जण सांगतात, तर काही जण वर्षानुवर्षे तीच वापरत असल्याचे सांगतात. या दोहोंपैकी कोणाचे ऐकावे आणि शाई घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद

आपण रेघा मारून ठेवल्यात हे उत्तम केलेत, कारण उत्तराची सुरुवात तिथूनच होते. खोक्यावरचा आकडा बहुधा आयएसओ 24711 या मानकानुसार काढलेला असतो. त्या चाचणीत ठरावीक नमुना पाने कार्ट्रिज संपेपर्यंत सलग छापतात. घरी मात्र आपण आज दोन पाने छापतो आणि मग दहा दिवस प्रिंटरकडे पाहतही नाही. मधल्या काळात नोझलच्या तोंडाशी शाई सुकू नये म्हणून प्रिंटर स्वतःहून थोडी शाई बाहेर ओढून टाकतो. ती आतल्या शोषक पॅडमध्ये जिरते. आपली हरवलेली पाने बहुतांशी तिथेच असावीत. त्यामुळे स्वस्त शाई शोधण्याआधी, आहे ती शाई वाया का जाते, हे पाहणे अधिक फायद्याचे आहे.

आता मूळ प्रश्न. कार्ट्रिज बाहेर काढून उलटे धरा. तळाशी बारीक छिद्रांची चकचकीत पट्टी आणि बाजूला तांब्याच्या टिकल्या दिसल्या, तर हेड कार्ट्रिजमध्येच आहे. अशा रचनेत खराब शाईने बिघडले तरी सहसा ते एकच कार्ट्रिज बिघडते, नवे बसवले की हेडही नवे मिळते; म्हणून रिफिलचा प्रयोग करायला हरकत नाही. याउलट हेड प्रिंटरमध्ये पक्के बसवलेले असेल आणि कार्ट्रिज म्हणजे केवळ शाईची डबी असेल, तर शाईच्या दर्जाबाबत तडजोड करू नये, कारण तिथे हेड बदलण्याचा खर्च पुष्कळदा नव्या प्रिंटरच्या घरात जातो. बाहेरची शाई चांगली की वाईट यावर इतका वाद होतो त्याचे मुख्य कारण, माझ्या मते, हेच आहे : दोन्ही बाजूंचे लोक खरे बोलतात, पण त्यांचे प्रिंटर वेगळे असतात.

रिफिल करणार असाल तर शाईचा प्रकार जुळवून घ्या. दोन कार्ट्रिजांच्या प्रिंटरमध्ये काळी शाई बहुधा पिगमेंटची असते, म्हणजे तिच्यात रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. रंगीत शाई डायची, म्हणजे पूर्ण विरघळलेली असते. काळ्यात डायची शाई भरली तर अक्षरांच्या कडा फुलतात आणि ओले बोट लागताच ओळ पसरते. दोन प्रकार एकमेकांत मिसळले तर शाईच्या गुठळ्या होऊन नोझल बुजण्याची भीती असते. 'सर्व प्रिंटरांसाठी एकच शाई' असे लिहिलेली बाटली मी तरी घेत नाही.

शिवाय कार्ट्रिज ठणठणीत रिकामे होण्याची वाट पाहू नका. उष्णतेने शाई उडवणाऱ्या हेडमध्ये शाईच हेडला थंडही ठेवत असते. कोरडे चालवले की आतले बारीक हीटर जळतात आणि मग कितीही शाई भरली तरी रेघ उमटत नाही.

कम्पॅटिबल घेताना चिप, म्हणजे प्रिंटरला कार्ट्रिजची ओळख पटवणारा इलेक्ट्रॉनिक तुकडा, पाहावी. काही प्रिंटर फर्मवेअर (प्रिंटरमधले अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत झाल्यावर बाहेरची चिप नाकारतात. 2016 मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांबाबत असे झाले होते आणि त्यावर बराच गदारोळ माजला होता. आपोआप अपडेट बंद ठेवण्याची सोय असल्यास ती वापरावी, आणि कार्ट्रिज नाकारले गेल्यास परत घेतील का, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

शेवटची गोष्ट सगळ्यात सोपी आहे. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करत जा. तसे केले की हेड कोपऱ्यातल्या रबरी टोपीवर जाऊन बसते आणि शाई सुकत नाही.

प्रतिसाद

एवढी खटपट करण्यापेक्षा हा प्रिंटर काढून टाकून टाकीवाला घ्यावा, असे सुचवतो. बाटलीतून थेट टाकीत शाई ओतायची असल्याने दर पानाचा खर्च फारच कमी येतो.

प्रतिसाद

महिन्याला तीस पानांसाठी टाकीवाला? त्याचे हेड प्रिंटरमध्येच असते आणि न वापरता पडून राहिले तर तेही सुकते. रंग लागत नसेल तर काळा-पांढरा लेझर पाहावा, टोनरची भुकटी सुकत नाही; पण इथे मुलीचे तक्ते आहेत.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. कार्ट्रिज उलटे करून पाहिले. छिद्रांची पट्टी आणि तांब्याच्या टिकल्या दोन्ही आहेत, म्हणजे हेड कार्ट्रिजमध्येच आहे. बटणाबद्दल वाचून मात्र मी ओशाळलो. वीज वाचावी म्हणून आमच्याकडे प्रिंटर नेहमी भिंतीवरच्या बोर्डावरूनच बंद केला जातो, आणि ही शिस्त घरात मीच लावली आहे.

काल सुती कापड कोमट पाण्यात भिजवून, घडी करून, त्यावर तिरंगी कार्ट्रिजचा तळ दोन मिनिटे टेकवून ठेवला. कापडावर निळा आणि मॅजेंटाचे पट्टे उमटले, आणि त्यांच्या शेजारी अगदी फिकट पिवळी कड. तेव्हा तो कप्पा बुजलेला नसून रिकामा झाला असावा, असा माझा अंदाज आहे. काळ्यासाठी कम्पॅटिबल कार्ट्रिज घेण्याचे ठरवले आहे. तिरंगीत केवळ पिवळा भरायचा असेल, तर लेबलखालच्या तीन छिद्रांपैकी पिवळ्याचे कोणते, हे टूथपिक बुडवून तपासणे पुरेसे आहे का, आणि एका वेळी किती मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये, एवढे कृपया सांगावे.