प्रेपची (एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची) गोळी सारखी चुकतेय, काय करू?

सांगलीचा_पोरगा: मी गे आहे, घरी माहीत नाही. दोन महिने झाले प्रेप चालू करून, रोज रात्री जेवल्यावर एक टेनोफोव्हिर-एमट्रिसिटाबिन, पण गोळी काढली की वहिनी विचारणार कसली रे, मग राहूनच जाते. गेल्या आठवड्यात ३ चुकल्या. आज दोन एकदम घेऊ का?

मिरजकर: दोन एकदम नको रे! आठवली की एक घे, पुढची नेहमीच्या वेळेला. आठवड्यात ४ गोळ्या पोटात गेल्या तरी आपल्यासारख्या गे पुरुषांना बऱ्यापैकी संरक्षण राहतं म्हणतात, पण त्या भरवशावर राहू नको. मी बी-कॉम्प्लेक्सच्या डबीत ठेवायचो, एकदा आईनेच त्यातली मागितली, घाम फुटला. आता ऑफिसच्या बॅगेत ठेवतो, सकाळच्या चहाबरोबर घेतो.

कृष्णाकाठ: रोज जमत नसेल तर डॉक्टरांना २-१-१ विचार, म्हणजे सेक्सच्या २ ते २४ तास आधी २ गोळ्या, त्या घेतल्यापासून २४ तासांनी १, अजून २४ तासांनी १. हेपटायटिस बी असेल तर हे सहसा देत नाहीत, गोळी मनाने बंद पण करायची नाही. दर ३ महिन्यांनी एचआयव्ही टेस्ट करतोस ना? सिफिलिस या गोळीने थांबत नाही, कंडोम ठेव.

सांगलीचा_पोरगा: टेस्टला साताऱ्याला जातो, इथला लॅबवाला दादाचा मित्र निघाला 😅 बॅगेचं उद्यापासूनच करतो.