मॉडिफायरची चूक वाचताना कानाला का खटकत नाही?

परीक्षार्थी_लातूर

नमस्कार. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून सध्या मी एसएससी सीजीएलची (केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या पदवीधर परीक्षेची) तयारी करत आहे. टियर एकमध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, इंग्रजीचे 25 प्रश्न असतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा होतो, त्यामुळे अंदाजाने उत्तर देणे परवडत नाही. काळ, वचन, कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ, प्रिपोझिशन या बाबतीत माझ्या चुका आता बऱ्याच कमी झाल्या आहेत. मात्र ‘सेंटेन्स इम्प्रूव्हमेंट’मध्ये, म्हणजे वाक्याच्या अधोरेखित भागासाठी योग्य पर्याय निवडण्याच्या प्रश्नात, मॉडिफायर (दुसऱ्या शब्दाविषयी अधिक माहिती देणारा शब्द किंवा तुकडा) चुकीच्या जागी असला, तर मला ते वाक्य निर्दोष वाटते आणि मी ‘नो इम्प्रूव्हमेंट’ हा पर्याय निवडून मोकळी होते. कालच्या सरावातील ही दोन वाक्ये पाहावीत:

‘वॉकिंग थ्रू द मार्केट, द रेन स्टार्टेड सडनली.’
‘आफ्टर रीडिंग द लेटर, टिअर्स केम टू हर आईज.’

दोन्ही चूक आहेत असे उत्तरतालिका म्हणते. नियम मला पाठ आहे. पण तो आठवावा असा संशयच वाक्य वाचताना येत नाही. पॅरललिझमच्या, म्हणजे जोडलेले भाग एकाच रूपात ठेवण्याच्या, प्रश्नांत साधी यादी असली तर जमते, ‘नॉट ओन्ली’ आले की गोंधळ होतो. ‘बीइंग’ने सुरू होणारा पर्याय सरळ खोडावा, असे क्लासमध्ये सांगतात. यापेक्षा खात्रीची कसोटी आहे का?

निवृत्त_इंग्रजी_शिक्षक

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शीर्षकातच दडलेले आहे. ‘चूक वाचताना कानाला का खटकत नाही’ या वाक्यात वाचणाऱ्या तुम्ही आहात आणि खटकणारी आहे ती चूक. तरीही हे मराठी वाक्य शुद्ध आहे. ‘-ताना’ हे रूप कर्ता बदलला तरी कुरकुर करत नाही. ‘बाजारातून चालताना अचानक पाऊस सुरू झाला’ असे आपण सर्रास म्हणतो आणि पाऊस बाजारातून चालत होता, असा अर्थ कोणीही काढत नाही. इंग्रजीत मात्र स्वल्पविरामाआधीच्या ‘वॉकिंग’चा कर्ता स्वल्पविरामानंतर येणारे नामच ठरते, म्हणून तेथे पाऊसच चालू लागतो. तुमचा कान बिघडलेला नसून तो मराठीच्या नियमाने ऐकतो आहे.

यावर मी वर्गात एक युक्ती सांगत असे. इंग्रजी धातुसाधिताचे मराठी करताना ‘-ताना’ टाळून ‘-ऊन’ वापरावे, कारण ‘-ऊन’ला साधारणपणे दोन्ही क्रियांचा कर्ता एकच लागतो. ‘बाजारातून चालून पाऊस सुरू झाला’ हे वाक्य कोणत्याही मराठी माणसाला लगेच विचित्र वाटेल.

दुरुस्तीचे मार्ग मुख्यतः दोन. एक तर स्वल्पविरामानंतर खरा कर्ता आणायचा, नाहीतर सुरुवातीच्या तुकड्यालाच स्वतःचा कर्ता आणि क्रियापद द्यायचे: ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग थ्रू द मार्केट, द रेन स्टार्टेड सडनली.’ कोणता मार्ग खुला आहे, हे अधोरेखित भाग ठरवतो. सुरुवातीचा तुकडा अधोरेखित नसेल तर तो बदलण्याचा अधिकारच आपल्याला नाही. मग पर्यायांतून योग्य कर्ता शोधणे एवढेच काम उरते. पुष्कळ विद्यार्थी हे न पाहता मनातल्या मनात सगळे वाक्य नव्याने लिहीत बसतात.

नामाला षष्ठी लागलेली असेल तेव्हा विशेष जपावे. ‘बॉर्न इन रत्नागिरी इन 1856, टिळक्स न्यूजपेपर केसरी वॉज फाउंडेड इन 1881.’ यातील दोन्ही सनावळ्या बरोबर आहेत, टिळकांचे नावही स्वल्पविरामाला चिकटून आहे, आणि तरीही वाक्य चूक आहे, कारण ‘टिळक्स’ हे येथे केवळ ‘न्यूजपेपर’चे विशेषण आहे, रत्नागिरीत जन्म झाला तो वर्तमानपत्राचा, असा अर्थ होतो. ‘टिळक को-फाउंडेड केसरी इन 1881’ असे केले की चूक सुटते.

शब्दवेडी

सरांचे ‘-ताना’विषयीचे निरीक्षण मला पूर्ण पटले, पण ‘-ऊन’च्या कसोटीवर विसंबणे धोक्याचे वाटते. प्रश्नातील दुसरेच वाक्य घ्या: ‘पत्र वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आले.’ हे अस्सल मराठी आहे आणि पत्र पाण्याने वाचलेले नाही. ‘मला येऊन दोन तास झाले’ हेही तसेच. कर्मणी रचनेत तर ही कसोटी अगदीच लंगडी पडते. ‘भाज्या चिरून डाळ शिजवली जाते’ यात कोणाला दोष दिसेल? याउलट ‘हॅविंग चॉप्ड द व्हेजिटेबल्स, द दाल इज कुक्ड’ या वाक्यात भाज्या चिरणारी डाळच आहे, आणि परीक्षांना अशी कर्मणी वाक्ये विशेष प्रिय असतात.

मी सॅटच्या (अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेच्या) विद्यार्थ्यांना शिकवते. त्या परीक्षेच्या डिजिटल स्वरूपात वाचन-लेखनाचे 54 प्रश्न असतात आणि त्यांत मॉडिफायर व कर्ता यांच्या जागेवर प्रश्न येतात. बहुधा सुरुवातीचा तुकडा दिलेला असतो, पुढे रिकामी जागा असते आणि चारही पर्याय वेगवेगळ्या नामांनी सुरू होतात. तेथे भाषांतर करायला वेळ नसतो. मी एवढेच करायला सांगते: स्वल्पविरामापाशी थांबून ‘हे कोणी केले?’ असे विचारायचे आणि पुढच्या पहिल्या नामावर बोट ठेवायचे. ‘आफ्टर रीडिंग द लेटर’, कोणी वाचले? ‘टिअर्स’नी. तेथेच पर्याय बाद.

‘बीइंग’ खोडण्याचा सल्ला मात्र सोडून द्यावा. ‘बीइंग अ रेनी डे, वी स्टेड अ‍ॅट होम’ चूक आहे, कारण पावसाळी दिवस ‘वी’ नव्हे. पण ‘इट बीइंग अ रेनी डे, वी स्टेड अ‍ॅट होम’ अगदी बरोबर आहे, कारण त्या तुकड्याला ‘इट’ हा स्वतःचा कर्ता मिळाला. सल्ला ऐकून नेमके हेच बरोबर उत्तर खोडले जाते. ‘कन्सिडरिंग’, ‘जनरली स्पीकिंग’, ‘जजिंग बाय’ यांसारखे रूढ प्रयोग कर्त्याशिवायही चालतात, हेही ध्यानात असावे.

बँक_परीक्षा_दुसऱ्यांदा

पॅरललिझमबाबत माझा अनुभव नेमका उलटा आहे. तेथे मराठी कान उपयोगी पडतो. ‘त्याला पोहायला, धावायला आणि सायकल चालवणे आवडते’ हे आपल्यालाही खटकते. ‘नॉट ओन्ली’साठी मी ‘च’ आणि ‘ही’ कोठे चिकटतात ते पाहतो. ‘तो हिंदीच नव्हे, तर मराठीही बोलतो’ यात ते दोन नामांना चिकटले आहेत, म्हणून इंग्रजीतही दोन्ही शब्दसमूह नामांलगतच हवेत: ‘ही स्पीक्स नॉट ओन्ली हिंदी बट ऑल्सो मराठी.’ ‘ही नॉट ओन्ली स्पीक्स हिंदी बट ऑल्सो मराठी’ यात एकीकडे क्रियापद आणि दुसरीकडे नाम, म्हणून तराजू कलतो. ‘आयदर-ऑर’ आणि ‘बोथ-अँड’ यांनाही हेच लागू.

तुलनेत मात्र कान पुन्हा फसवतो. ‘पुण्याची हवा नागपूरपेक्षा थंड आहे’ हे मराठीत बिनदिक्कत चालते. इंग्रजी परीक्षेत हवेची तुलना शहराशी केल्याबद्दल गुण जातो. ‘दॅन दॅट ऑफ नागपूर’ असा पर्याय शोधावा.

सरावासाठी जीमॅट या व्यवस्थापन प्रवेशपरीक्षेच्या जुन्या सेंटेन्स करेक्शन (वाक्यदुरुस्तीच्या) प्रश्नांचा मला फार उपयोग झाला. 2023च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या नव्या स्वरूपातून तो प्रकार काढून टाकला असला, तरी जुनी पुस्तके टाकाऊ झालेली नाहीत. ते प्रश्न एसएससीपेक्षा बरेच कठीण आहेत, हे मात्र खरे.

निवृत्त_इंग्रजी_शिक्षक

शब्दवेडी यांची हरकत मान्य आहे. ‘पत्र वाचून’चे उदाहरण मला निरुत्तर करणारे आहे. म्हणून माझी युक्ती एकाच दिशेने वापरावी. ‘-ऊन’ खटकले तर इंग्रजी वाक्य नक्की तपासावे. खटकले नाही, एवढ्यावरून ते निर्दोष मानू नये.

परीक्षार्थी_लातूर

सर्वांचे मनापासून आभार. काल चुकलेली वाक्ये ‘कोणी केले?’ असे विचारत पुन्हा सोडवली. पत्राचे वाक्य मी असे दुरुस्त केले: ‘आफ्टर रीडिंग द लेटर, हर आईज फिल्ड विथ टिअर्स.’ हे आता बरोबर ना?

शब्दवेडी

अजून नाही. बोट कोठे पडले ते पाहा: पत्र आता डोळ्यांनी वाचले. सरांनी सांगितलेली षष्ठीचीच अडचण आहे. ‘हर’ म्हणजे ती नव्हे, तिचे. ‘आफ्टर शी रेड द लेटर, हर आईज फिल्ड विथ टिअर्स’ असे केले तर तुमचा उत्तरार्ध जसाच्या तसा ठेवता येईल.