विषय क्रमांक ७ : आपल्या फाटकासमोरचा भाजीबाजार

सचिव (ब-२०३) :
सर्व सभासदांना नमस्कार. काल नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक ७, म्हणजे फेरीवाला नियमनाच्या उपविधींचा (नगरपरिषदेच्या स्थानिक नियमांचा) मसुदा, चर्चेनंतर मंजूर झाला. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांनी ऐनवेळी मांडलेल्या उपसूचनेमुळे आपल्या फाटकापासून जुन्या पाण्याच्या टाकीपर्यंतचा रस्ता ‘ना-फेरीवाला क्षेत्र’ ठरवणारे कलमही त्यात आले आहे. प्रशासकांच्या काळात आपण दिलेले तीन अर्ज नुसते आवक नोंदवहीत पडून होते, आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर आलेल्या सभागृहाने पहिल्या काही महिन्यांतच हा विषय घेतला, ही समाधानाची गोष्ट आहे. नगरसेवकांच्या अभिनंदनाचा फलक फाटकावर लावावा असा कमिटीचा विचार असून त्यासाठी प्रत्येक सदनिकेमागे ५० रुपये घेतले जातील. कोणाची हरकत असल्यास येथेच कळवावी.

क-३०१ :
माझी हरकत नाही, उलट १०० रुपये घ्या. गेल्या दिवाळीत वडिलांना छातीत दुखू लागले तेव्हा रुग्णवाहिका फाटकापाशी अकरा मिनिटे उभी होती, कारण एका बाजूला भाजीच्या पाट्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला भाजी घ्यायला आलेल्यांच्या दुचाक्या होत्या. ती अकरा मिनिटे मी घड्याळावर मोजली आहेत. त्यामुळे ठराव झाला हे वाचून मला खरोखर बरे वाटले.

ब-४०२ :
तुमच्या वडिलांच्या वेळी काय झाले ते मी गॅलरीतून पाहिले आहे, त्यामुळे तुमचा राग मला समजतो. पण तुम्ही स्वतःच म्हणता की अर्धा रस्ता दुचाक्यांनी अडवला होता. त्या दुचाक्या कोणाच्या होत्या? त्यांतल्या निम्म्या आपल्याच तीन इमारतींतल्या होत्या. फाटकासमोर बसणारी मावशी सोळा वर्षे तिथे बसते, म्हणजे आपली सोसायटी उभी राहिली त्याच्याही आधीपासून. पायऱ्या उतरायला मला गुडघे साथ देत नाहीत तेव्हा तीच मेथीची जुडी वॉचमनच्या हाती वर पाठवते. अभिनंदनाच्या फलकासाठी माझे ५० रुपये धरू नयेत.

सचिव (ब-२०३) :
काकू, आपल्या भावनांचा आदर आहे, परंतु आता सभागृहाने बहुमताने निर्णय घेतला आहे आणि विषय संपला आहे.

अ-१०४ :
सचिवसाहेब, विषय संपलेला नाही, किंबहुना तो आता सुरू झाला आहे, असे मला नम्रपणे सांगावेसे वाटते. मी एकतीस वर्षे दुसऱ्या एका नगरपरिषदेत नोकरी केली आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. काल मी प्रेक्षकांच्या बाकावर दुपारी तीनपासून सहापर्यंत बसलो होतो, म्हणून जे पाहिले ते आधी सांगतो.

मूळ मसुद्यात कोणत्याही रस्त्याचे नाव नव्हते. परवाना कसा द्यायचा, जागेचे माप काय असावे, कचरा कोणी उचलायचा, शुल्क किती घ्यायचे, एवढेच त्यात होते. विषय वाचून झाल्यावर आपल्या नगरसेवकांनी आपल्या रस्त्याची उपसूचना मांडली आणि लगोलग तिला अनुमोदन मिळाले. त्यानंतर बाजारपेठेच्या प्रभागातील नगरसेविका उभ्या राहिल्या. त्यांनी पर्समधून एक गुलाबी पावती काढली आणि ती उंच धरून विचारले, “ही आपल्याच नगरपरिषदेची रोजच्या बाजार वसुलीची पावती आहे, तारीख परवाची आहे आणि ती याच रस्त्यावर फाडलेली आहे, ज्यांच्याकडून आपण सकाळी पैसे घेतो त्यांना संध्याकाळी अनधिकृत कसे म्हणायचे?” सभागृहात क्षणभर कोणी बोलले नाही. मग एक स्वीकृत सदस्य, म्हणजे निवडून न येता नेमलेले सदस्य, बोलायला उठले आणि तब्बल वीस मिनिटे बोलले. सर्वांत लांब भाषण त्यांचे झाले आणि मतदानाचा अधिकार मात्र त्यांनाच नव्हता.

मतदान हात वर करून झाले. शेवटच्या रांगेतील एका सदस्यांचा हात अर्धवट वर असल्याने मोजणी दोनदा करावी लागली. नगराध्यक्षांचे स्वतःचे मत धरून दहा विरुद्ध दहा अशी बरोबरी झाली आणि एक सदस्य तटस्थ राहिले. समसमान मते पडली म्हणून नगराध्यक्षांनी पीठासीन अधिकारी या नात्याने आपले निर्णायक मत उपसूचनेच्या बाजूने दिले. त्या नगरसेविकेने आपला विरोध इतिवृत्तात नावानिशी नोंदवण्याची मागणी केली आणि मुख्याधिकाऱ्यांनीही “कायदेशीर अभिप्राय स्वतंत्रपणे सादर करतो” असे एकच वाक्य उच्चारले. ज्यांनी नोकरीत अशी वाक्ये लिहून काढली आहेत, त्यांना त्या वाक्याचा अर्थ बरोबर कळतो.

क-३०१ :
नाना, दहा-दहा असो वा वीस-एक, ठराव तो ठराव. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने मत दिले आहे. मुख्याधिकाऱ्यांचा अभिप्राय लोकप्रतिनिधींपेक्षा मोठा केव्हापासून झाला?

अ-१०४ :
आपला प्रश्न रास्त आहे. लोकप्रतिनिधींपेक्षा अधिकारी मोठा नाही, परंतु संसदेचा कायदा नगरपरिषदेच्या ठरावापेक्षा मोठा आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राचा कायदा झाला. त्याच्या कलम ३ प्रमाणे आधी सर्व विद्यमान विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हायला हवे, आणि सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूदही त्याच कलमात आहे, म्हणजे ४० हजार वस्तीच्या गावात हा आकडा एक हजारापर्यंत जातो.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तो काल सभागृहात कोणीही वाचून दाखवला नाही. सर्वेक्षण झालेले नसताना आणि पथविक्रीचा आराखडा तयार झालेला नसताना कोणताही भाग ना-फेरीवाला क्षेत्र ठरवता येत नाही. सर्वेक्षणात एखादी जागा नैसर्गिक बाजार, म्हणजे परंपरेने आपोआप भरत आलेला बाजार, म्हणून निष्पन्न झाली तर तिलाही तसे ठरवता येत नाही. केवळ गर्दी होते एवढे कारण पुरत नाही. अस्वच्छतेचे कारणही तेव्हाच चालते, जेव्हा ती घाण फक्त विक्रेत्यांमुळेच होत असेल आणि नगरपरिषदेने नेहमीची कामे करूनही ती दूर होत नसेल. आपल्या फाटकासमोर दुपारी बारानंतर जो पाला पडलेला दिसतो तो उचलायला घंटागाडी आठवड्यातून किती वेळा येते, हे आपण सर्व जाणतो.

आपल्या नगरपरिषदेने सर्वेक्षण केलेले नाही, हे मुख्याधिकाऱ्यांनी काल प्रश्नाला उत्तर देताना स्वतःच सांगितले. त्यामुळे ही उपसूचना आजच्या स्थितीत टिकणारी नाही. १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमातील कलम ३०८ अन्वये बेकायदेशीर किंवा लोकहिताविरुद्ध असलेल्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी लेखी आदेशाने निलंबित करू शकतात, आणि मुख्याधिकाऱ्यांचा तो ‘स्वतंत्र अभिप्राय’ बहुधा त्याच दिशेने जाईल. शिवाय उपविधी म्हणजे साधा ठराव नव्हे. मसुदा प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात आणि मंजुरी मिळाल्यावरच तो लागू होतो. आपण आज ज्याच्या अभिनंदनाचा फलक छापणार आहोत तो अजून मसुदाच आहे.

अध्यक्ष (अ-४०१) :
नानांनी दिलेली माहिती कमिटीला नव्हती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. फलकाचे काम तूर्त थांबवले आहे.

अ-५०२ :
एक लहानशी आठवण सांगतो. बहुमताविरुद्ध नावानिशी उभे राहण्याची परंपरा आपल्याकडील नगरपालिकांत जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा ३२ सभासदांपैकी एकट्या फुल्यांनी विरोधी मत दिले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला, पण आज आपल्याला नाव आठवते ते विरोध करणाऱ्याचे. काल पावती उंच धरणाऱ्या बाईंशी माझे पक्षाच्या बाबतीत अजिबात जमत नाही, तरीही एवढे लिहावेसे वाटले.

क-३०१ :
सर, इतिहास ऐकायला बरा वाटतो, पण पुढच्या वेळी रुग्णवाहिका अडली तर मी फुल्यांची आठवण काढत बसू का? कायदा विक्रेत्यांच्या बाजूने आहे एवढेच जर उत्तर असेल तर रहिवाशांनी काय करायचे, हे कोणीतरी सांगावे.

अ-१०४ :
याच प्रश्नाची मी वाट पाहत होतो. कायदा रहिवाशांना विसरलेला नाही. २०१४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक ठिकाणी नगर पथविक्रेता समिती असावी लागते. आपल्याकडे मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष असतील. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतःतून निवडून दिलेले असतात, त्यांतील एकतृतीयांश महिला असाव्या लागतात, आणि वाहतूक पोलीस, वैद्यकीय अधिकारी, नियोजन प्राधिकरण यांच्याबरोबरच रहिवासी संघटनांनाही तिथे जागा आहे. गेली दोन वर्षे आपण ‘विक्रेते हटवा’ असे अर्ज देत राहिलो, पण ‘समिती नेमा आणि तिच्यात आमचा प्रतिनिधी घ्या’ असा अर्ज एकदाही दिला नाही. ही चूक माझीही आहे, कारण तिन्ही अर्जांवर माझी सही आहे.

क-३०१ यांची अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपायही साधा आहे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना ठरावीक लांबीचा पट्टा कोणत्याही वेळी पूर्ण मोकळा राहील, तिथे ना पाटी बसेल ना दुचाकी उभी राहील, अशी अट उपविधीत घालता येईल. विक्रेत्यांना पलीकडच्या पदपथावर आखलेल्या जागा देता येतील. वेळ सकाळी सात ते अकरा ठेवता येईल. अशी सूचना नाकारायला नगरपरिषदेकडे कारण नाही आणि ती न्यायालयातही टिकेल. ज्या दिवशी जागा बदलायची त्याआधी विक्रेत्यांना ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, तीही देता येईल.

ब-४०२ :
मी आज संध्याकाळी मावशीला विचारून आले. पलीकडच्या पदपथावर बसायला तिची ना नाही. तिची अट एकच आहे की तिथे सावली नाही, म्हणून छत्री लावू द्यावी. तिने मला गुलाबी पावत्यांचा गठ्ठा दाखवला. रबराने बांधलेला, साखरेच्या रिकाम्या पिशवीत ठेवलेला, चार वर्षांचा. “ताई, कोणी विचारलं तर दाखवायला असावं म्हणून ठेवते,” असे म्हणाली. आजवर कोणीही विचारलेले नाही.

सचिव (ब-२०३) :
मी माझे सकाळचे वाक्य मागे घेतो. तथापि एक शंका आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर अशी सूचना पाठवायची तर कमिटीचा ठराव लागेल, आणि काही सभासद पूर्ण बंदीच्याच बाजूने आहेत. त्यांचे मत डावलून पत्र पाठवले तर आपणही तेच केले असे होईल जे काल सभागृहात ऐनवेळच्या उपसूचनेने झाले.

अध्यक्ष (अ-४०१) :
शंका योग्य आहे. म्हणून रविवारी सकाळी दहा वाजता क्लब हाऊसमध्ये कमिटीची सभा ठेवत आहे, ज्यांना यायचे त्या सर्व सभासदांना ती खुली राहील, आणि विषयपत्रिकेची सूचना आजच तिन्ही इमारतींच्या फलकांवर लागेल. ऐनवेळचा एकही विषय घेतला जाणार नाही. मतभेद राहिले तर पत्रात दोन्ही मते संख्येसह लिहू. नानांनी मसुदा तयार करावा अशी विनंती आहे.

अ-१०४ :
मसुदा खालीलप्रमाणे आहे. शब्द बदलायचे असतील तर रविवारपूर्वी सांगावेत.

“प्रति, मुख्याधिकारी. विषय : फेरीवाला नियमन उपविधींच्या मसुद्यावरील सूचना. महोदय, आमच्या सोसायटीसमोरील रस्ता ना-फेरीवाला क्षेत्र ठरवण्यापूर्वी २०१४ च्या कायद्यानुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण करण्यात यावे. नगर पथविक्रेता समिती गठित करून तिच्यात परिसरातील गृहनिर्माण संस्थांना प्रतिनिधित्व द्यावे. सोसायटीच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा रुग्णवाहिका व अग्निशमन वाहनांसाठी कायम मोकळा ठेवण्याची अट उपविधीत समाविष्ट करावी व ती विक्रेते आणि वाहनधारक या दोघांनाही लागू असावी. बाजार संपल्यानंतर त्याच दिवशी कचरा उचलण्याची जबाबदारी निश्चित करावी.”

क-३०१ :
एक दुरुस्ती सुचवतो. ‘दोन्ही बाजूंचा पट्टा’ असे मोघम न लिहिता मीटरमध्ये लिहावे, नाहीतर पट्टा पुन्हा वॉचमनच्या अंदाजावर राहील. मी उद्या सकाळी टेप घेऊन रुग्णवाहिका वळायला किती जागा लागते ते मोजतो. आपल्या दुचाक्यांसाठी आतल्या बाजूला जागा आखण्याचा विषयही त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. तो घेतला नाही तर पत्रातल्या ‘वाहनधारक’ या शब्दाला काही अर्थ राहणार नाही.

सचिव (ब-२०३) :
दोन्ही गोष्टी नोंदवल्या. दुचाकींचा विषय क्रमांक २ म्हणून घेतला आहे. मसुदा नगरपरिषदेच्या सूचना फलकावर केव्हा लागतो यावर लक्ष ठेवण्याचे काम नानांनी स्वीकारले आहे, कारण हरकतींची मुदत त्या दिवसापासून मोजली जाईल. पत्र आवक-जावक विभागात प्रत्यक्ष नेऊन द्यायचे आहे आणि दुय्यम प्रतीवर शिक्का व तारखेसह पोहोच घ्यायची आहे. सोबत येणाऱ्यांनी नावे कळवावीत.

ब-४०२ :
माझे नाव लिहा. मावशीच्या पावत्यांची झेरॉक्स जोडायची असेल तर तिने गठ्ठा माझ्याकडे द्यायचे कबूल केले आहे, पण झेरॉक्स झाल्यावर तो त्याच दिवशी परत हवा, असे तिने दोनदा बजावले आहे.