मदत हवी आहे: ताईच्या हृदयात मिक्सोमा (एक प्रकारची गाठ), त्यातूनच स्ट्रोक

नमस्कार मंडळी. माझी मोठी बहीण, वय 46. बीपी नाही, शुगर नाही. गेल्या मंगळवारी पोळ्या लाटताना उजव्या हातातलं लाटणं गळून पडलं. उचलायला वाकली तर बोलणं बोबडं. एमआरआयमध्ये मेंदूत डावीकडे गुठळी अडकल्याचं दिसलं. कारण सापडलं ते टूडी इकोमध्ये (हृदयाची सोनोग्राफी): हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात साधारण चार सेंटीमीटरची गाठ. स्क्रीनवर मी स्वतः पाहिली, देठावर लोंबणारी, प्रत्येक ठोक्याला मायट्रल झडपेतून खाली डोकावून परत वर जाणारी. अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

डॉक्टर म्हणतात, कॅन्सर नाही, पण गाठ ठिसूळ आहे. तिचे तुकडे किंवा तिच्यावर जमलेलं रक्त सुटून मेंदूत जातं. गाठीचा तुकडा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी विरघळत नाही, म्हणून ओपन हार्ट करून ती काढायचीच. गोळ्यांवर भागवा म्हणणारे काका आमच्याकडेही आहेत, त्यांना मी आता उत्तर देत नाही.

अडलंय ते इथे: स्ट्रोकनंतर लगेच ऑपरेशन केलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती, थांबलं तर दुसरा झटका. तुमच्याकडे कुणाचं झालं असेल तर किती दिवसांनी केलं? महात्मा फुले योजनेत बसलं का? हा आजार क्वचित घराण्यातही असतो म्हणे. तुम्ही भावंडांचे इको करून घेतलेत का?

ताई हल्ली डाव्या हाताने चहा ढवळते आणि मलाच धीर देते. अनुभव असेल तर प्लीज लिहा, शुक्रवारी सर्जनना भेटायचंय.